सभाकंपाचे छायाचित्र : विभाव, क्षण आणि रसिक

१

नृत्याच्या कार्यक्रमात रंगमंचावर आलेले चार-पाच वर्षांचे मूल एकाएकी थिजते, आणि नेमके तेव्हाच त्याचे छायाचित्र घेतले जाते. या जातीची छायाचित्रे आज घरोघरी आढळतात. ती कौतुकाने दाखविली जातात, हसून पाहिली जातात, आणि कलाकृती म्हणून त्यांचा विचार बहुधा कोणी करीत नाही. तथापि लौकिक भाव आणि रस यांचा संबंध कोणता, दुसऱ्याच्या भयाचा आस्वाद घेता येतो काय, आणि येत असल्यास कोणत्या अटींवर, हे जे प्रश्न आपल्या साहित्यशास्त्राने दीर्घकाळ चर्चिले, ते सर्व या लहानशा चित्रात एकत्र येतात. म्हणून त्याची चिकित्सा अप्रस्तुत ठरू नये.

विवेचनास स्थळाचा आधार असावा या हेतूने यवतमाळ जिल्ह्यातील राजूर हे गाव येथे डोळ्यांसमोर ठेवले आहे. वणी तालुक्यातील हे गाव कोळशाच्या खाणीमुळे आणि चुन्याच्या भट्ट्यांमुळे ओळखले जाते. वऱ्हाडी बोलीबरोबर तेलुगू, हिंदी व गोंडी कानी पडावी, असा हा मुलूख आहे. अशा श्रमिक वस्तीतील शाळेचे स्नेहसंमेलन, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले ‘गॅदरिंग’, हे शहरातील नृत्यवर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाहून वेगळे असते. रोहिणी भाटे यांनी १९४७ साली पुण्यात नृत्यभारती स्थापन केली. सुधा करमरकर यांनी १९५९ साली मुंबईत लिटल थिएटर सुरू करून मुलांसाठी गंभीरपणे नाटके उभी केली. अशा परंपरांत रंगमंचाशी मुलाचा परिचय हळूहळू व्हावा अशी सोय असते. गावच्या संमेलनात थोड्या दिवसांच्या तालमीनंतर, भाड्याने आणलेल्या पोशाखात आणि चेहऱ्यास रंग लावून मूल थेट दिव्यांच्या झोतात उभे केले जाते. सभाकंपाचा प्रश्न तेथे अधिक उघडा होतो. कोणा विशिष्ट मुलाचे वा कुटुंबाचे चित्र मात्र येथे अभिप्रेत नाही. अभिप्रेत आहे तो चित्राचा प्रकार.

२

प्रथम ज्या अवस्थेचे छायाचित्र घेतले जाते तिचे स्वरूप पाहिले पाहिजे. मराठीत तिच्यासाठी अनेक शब्द आहेत आणि ते समानार्थी नाहीत. मूल अनोळखी माणसास पाहून बुजते, गर्दीत बावरते, अकस्मात धक्का बसला म्हणजे दचकते आणि भय अनावर झाले म्हणजे थिजते. बुजण्यात मागे सरणे आहे, बावरण्यात दिशा हरपणे आहे, थिजण्यात गतीच नाहीशी होणे आहे. रंगमंचावरील मुलाच्या ठिकाणी या अवस्था क्रमाने किंवा एकदम येतात. ‘सभाकंप’ हा शब्द त्यांपैकी थरथर तेवढी सांगतो. परंतु ‘सभा’ हे त्या भयाचे कारणही त्यातच सांगितलेले आहे. हे कारण पुढील विवेचनात महत्त्वाचे ठरणार आहे.

चार्ल्स डार्विनने १८७२ साली भावाभिव्यक्तीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात लज्जा आणि बुजरेपणा यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. दुसरे आपल्याविषयी काय विचार करीत असतील, या विचारानेच माणूस लाजेने लाल होतो, असा त्याचा सिद्धान्त आहे. पुढील काळातील बालमानसशास्त्रानेही याच दिशेने पुरावा मिळविला. साधारणतः दीड ते दोन वर्षांच्या सुमारास मूल आरशातील प्रतिमा आपलीच आहे हे ओळखू लागते, आणि संकोचासारख्या आत्मसापेक्ष भावना त्यानंतर दिसू लागतात. सभाकंप ही बुद्धीची उणीव नव्हे. ‘मी पाहिला जात आहे’ हे ज्याला कळले, त्यालाच तो होतो. जे मूल रांगेत थिजून उभे राहते, त्याला कदाचित नाचणाऱ्या मुलांहून अधिक काही कळलेले असते.

नाट्यशास्त्रातील दोन स्थळे या संदर्भात लक्षणीय आहेत. पहिले प्रथमाध्यायातील कथेचे. इंद्रध्वजाच्या उत्सवात पहिला नाट्यप्रयोग झाला. दैत्यांचा पराभव त्यात दाखविला जात असल्याने प्रेक्षकांत बसलेले असुर संतापले, आणि विघ्नांच्या साहाय्याने त्यांनी नर्तकांची वाणी, हालचाल व स्मृती स्तंभित केली. सभाकंपाचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल, कारण बोल विसरणे, पाऊल न उचलणे आणि पुढचे काही न आठवणे या तिन्ही गोष्टी त्यात आल्या आहेत. विशेष हे की विघ्न प्रेक्षकांच्या बाजूने आले. त्यावर उपाय म्हणून ब्रह्मदेवाने विश्वकर्म्याकडून नाट्यगृह बांधविले आणि त्याच्या निरनिराळ्या भागांच्या रक्षणासाठी देवता नेमल्या. प्रेक्षकांच्या दृष्टीपासून नटाचे रक्षण करावे लागते, ही जाणीव या परंपरेच्या आरंभापासून आहे.

दुसरे स्थळ सात्त्विक भावांचे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ भाव एकाग्र मनातून उत्पन्न होतात. ते साधण्यासाठी नटाला परिश्रम करावे लागतात. राजूरच्या मंडपातील मुलाच्या ठिकाणी यांपैकी चार-पाच भाव कोणत्याही शिक्षणावाचून प्रकटतात. पाय स्तंभित होतात, हात कापतात, तळहातास घाम सुटतो, रंगाखालचा चेहरा उतरतो, डोळे भरून येतात. ज्या चिन्हांसाठी नट आयुष्य वेचतो ती येथे आपोआप आली आहेत; तरीही हा अभिनय नव्हे. हे भय लौकिक आहे आणि ते त्या मुलाचे स्वतःचे आहे. छायाचित्राची अडचण येथूनच सुरू होते, कारण चौकटीत बसविलेला, मंचावरचा, वेषभूषा केलेला आणि दिव्यांनी उजळलेला हा लौकिक भाव सर्व बाह्य लक्षणांनी नाट्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याची फसगत होण्यास एवढे पुरते.

३

रसप्रक्रियेत विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांचा संयोग आवश्यक मानला आहे. नुसता अनुभाव संदिग्ध असतो. अश्रू शोकाचे असतील, आनंदाचे असतील किंवा धुराचेही असतील. विभाव कळल्याशिवाय त्यांचा अर्थ लागत नाही. आता प्रस्तुत छायाचित्राला हे तत्त्व लावून पाहू. अनुभाव तर चित्रात स्पष्ट आहे, पण विभाव कोठे आहे? मुलाच्या भयाचे आलंबन म्हणजे सभा, अर्थात् आपण सर्वजण. आणि छायाचित्र सभेतूनच घेतलेले असते. भयाचे कारण भिंगाच्या मागे उभे आहे, म्हणून ते चित्रात येऊ शकत नाही. रंगमंचासमोर बसून घेतलेल्या अशा प्रत्येक छायाचित्रात ही रचनागत उणीव असते. परिणाम दिसतो, कारण झाकले जाते. आणि कारण नसलेले भय पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटू लागते. या चित्रांवर लोक हसतात ते निष्ठुरपणाने नव्हे. चित्राने त्यांच्यापुढे ठेवलेली सामग्री अपुरी असते, म्हणून ते हसतात.

आल्फ्रेड आयझेनश्टाट या छायाचित्रकाराचे १९६३ सालचे पॅरिस येथील एक प्रसिद्ध चित्र तुलनेसाठी घेता येईल. बाहुल्यांच्या खेळात संत जॉर्ज राक्षसी सर्पाचा वध करतो, त्या क्षणी प्रेक्षक-मुलांचे चेहरे त्याने टिपले आहेत. कोणी किंचाळत आहे, कोणी तोंडावर हात ठेवला आहे, कोणी हर्षाने ओरडत आहे. तेथेही भय आहे, तेथेही विभाव चौकटीबाहेर आहे. तरी ते चित्र अपुरे वाटत नाही. याचे कारण असे की तेथील भय काल्पनिक सर्पाचे आहे, ते नाट्यानेच उत्पन्न केलेले आणि मुलांनी स्वेच्छेने पत्करलेले आहे. छायाचित्रकार त्या भयाचा कारक नाही, साक्षी आहे. सभाकंपाच्या चित्रात छायाचित्रकारही सभेचा घटक असतो. त्याने हात वर करून धरलेले यंत्र आणि त्याचा लखलखणारा प्रकाश हे त्या भयाचे उद्दीपन विभावच होत. आयझेनश्टाटच्या चित्रास जी निरागसता लाभली, ती या चित्रास केवळ छायाचित्रकाराच्या सद्हेतूने लाभणार नाही.

मग विभाव चित्रात आणण्याचा मार्गच नाही काय? तो आहे, आणि चांगल्या चित्राची निवड करताना तोच निकष उपयोगी पडतो. वाल्टर बेन्यामिन याने १९३१ साली लिहिलेल्या छायाचित्रणाच्या लघु-इतिहासात फ्रान्झ काफ्काच्या बालपणीच्या एका छायाचित्राची चर्चा केली आहे. सुमारे सहा वर्षांचा मुलगा स्टुडिओतील कृत्रिम उद्यानात, ताडाच्या झावळ्यांपुढे उभा आहे. अंगात झालरींनी जड झालेला घट्ट पोशाख, हातात प्रमाणाबाहेर मोठी हॅट, आणि या सर्वांवर मात करणारे अत्यंत खिन्न डोळे. तेथे प्रेक्षागृह नाही, नृत्य नाही. परंतु मुलाला काही तरी म्हणून उभे केले आहे आणि ते त्याला पेलत नाही, ही वस्तुस्थिती पोशाख, हॅट आणि झावळ्या सांगतात. विभाव वस्तूंच्या रूपाने चौकटीत आला आहे. म्हणूनच त्या चित्रावर हसू येत नाही.

गावच्या संमेलनातील चित्रातही अशा वस्तू भरपूर असतात. खांद्यावरून घसरणारा भाड्याचा पोशाख, सैल म्हणून टाचणी लावून आवळलेली कंबर, डोक्यावर न बसणारा फेटा, गालावरचा ठळक लाल रंग, मंचाच्या कडेला हातवारे करून पुढची पावले दाखविणाऱ्या बाई, या साऱ्यांना चौकटीत जागा मिळाली तर भयाचा अर्थ लागतो. त्याउलट दुरून भिंगाने केवळ रडवेला चेहरा ओढून घेतला, तर चित्र ठसठशीत होते पण अर्थहीन होते. दुसरा मार्ग स्थानपालटाचा आहे. विंगेतून किंवा मुलाच्या मागून घेतलेल्या चित्रात मुलाची पाठ, एकमेकांत गुंतलेली बोटे, आणि पलीकडे अंधारातून पाहणारे शेकडो चेहरे येतात. मुलाचा चेहरा त्यात हरवतो, परंतु भय समजते. येथे प्रेक्षक स्वतःला पाहतो. आणि या विषयाच्या चित्राकडून अधिक मोठी अपेक्षा करता येईल असे वाटत नाही.

याच संदर्भात एका प्रादेशिक गोष्टीची नोंद करणे इष्ट आहे. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात, शेवटी खाऊ ओळखतात. तेथेही गाणे आहे, ताल आहे, अंगविक्षेप आहेत. पण समोर सभा नाही. सर्वजणी परस्परांकडे पाहतात, आणि जिला गाणे येत नाही ती इतरांच्या आवाजात मिसळून जाते. अशा खेळात सभाकंपास फारसा अवकाशच नाही. तेव्हा थिजणे हा काही ग्रामीण किंवा श्रमिक घरातील मुलाचा स्वभावधर्म नव्हे. एका बाजूस पाहणारे आणि दुसऱ्या बाजूस पाहिले जाणारे अशी जी रंगमंचाची रचना शाळेने स्वीकारली, तिच्यातून तो उद्भवतो. छायाचित्र ही रचना अधिक दृढ करते, कारण त्यात तर पाहिल्या जाणाऱ्यास उलट पाहण्याचीही सोय नसते.

४

आता क्षणाचा प्रश्न. लेसिंगने १७६६ सालच्या ‘लाओकून’ या ग्रंथात असे प्रतिपादिले की चित्रकार व शिल्पकार यांच्या वाट्यास एकच क्षण येतो. म्हणून त्यांनी भावनेच्या पराकोटीचा क्षण निवडू नये आणि जे स्वभावतः क्षणिक आहे त्याला चिरस्थायी करू नये. क्षणभराचे हास्य चित्रात कायम झाले की पुनःपुन्हा पाहताना ते विकृत वाटू लागते. सभाकंपाच्या बाबतीत ही सूचना अक्षरशः लागू पडते. थिजलेले मूल पुष्कळदा दुसऱ्या कडव्याला हात हलवू लागते, शेजारणीचे पाहून पाय उचलते, आणि गाणे संपताना आनंदाने नमस्कार करते. प्रत्यक्षात भय हा एक व्यभिचारी भाव होता. तो आला आणि गेला. छायाचित्राने त्याला स्थायी केले. पुढे वर्षानुवर्षे घरात हेच चित्र दाखविले गेले म्हणजे ‘हा पहिल्यापासूनच भित्रा’ असे त्या मुलाचे वर्णन रूढ होते, आणि एका क्षणाची अवस्था व्यक्तीचा स्वभाव म्हणून नोंदली जाते. प्रश्न केवळ सौंदर्याचा राहत नाही, तो येथे.

छायाचित्रणाच्या तंत्राचाही यात हात आहे. आरंभीच्या काळात छायाचित्रास इतका दीर्घ प्रकाशनकाळ लागे की बसणाऱ्याचे डोके आधाराने स्थिर ठेवावे लागे. स्तंभ ही यंत्राचीच गरज होती. आज तसे नाही. तरी मंद प्रकाशाच्या मंडपात सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढे प्रकाशन ठेवले, तर नाचणाऱ्या मुलांचे हातपाय अस्पष्ट होतात आणि जे मूल हलत नाही तेच रेखीव उमटते. छायाचित्रकाराच्या मनात नसतानाही यंत्र थिजलेल्या मुलाचीच निवड करते. बा. सी. मर्ढेकर यांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात मांडलेल्या संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांच्या भाषेत सांगावयाचे तर, समान पोशाखांची रांग हा संवाद आहे, आणि त्या वाहत्या रांगेत एक स्थिर आकृती हा तीव्र विरोध आहे. या चित्रांचे आकर्षण पुष्कळसे या लयीत आहे. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु मर्ढेकरांची लय संवेदनांच्या घटनेपुरती आपण स्वीकारली, तरी ज्या घटकाने विरोध सिद्ध केला तो घटक म्हणजे एक घाबरलेले मूल आहे, हे विसरता येत नाही. रा. भा. पाटणकर यांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मध्ये लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन भूमिकांचा ताण दाखविला आहे. तो या चित्रात मूर्तिमंत होतो. आकृती म्हणून ते पूर्ण आहे, आणि नेमके म्हणूनच त्याच्या पूर्णतेविषयी शंका घ्यावी लागते.

फिल्मच्या काळी चौकोनी चित्रांच्या गुंडाळीत १२ आणि लहान फिल्मवर ३६ चौकटी असत. रडणाऱ्या मुलावर त्या खर्च करणे परवडत नसे. आता भ्रमणध्वनीच्या एका दाबाबरोबर अनेक चौकटी मिळतात. क्षण निवडण्याची क्रिया त्यामुळे टिपण्याच्या वेळेपासून सरकून नंतरच्या वेळेवर गेली आहे. भयाची चौकट आणि त्यानंतरच्या नमस्काराची चौकट, दोन्ही हाताशी असतात. पहिलीच ठेवली आणि दुसरी पुसली, तर तो अपघात नव्हे, निर्णय आहे. आणि निर्णयाची समीक्षा होऊ शकते.

५

शेवटचा प्रश्न रसिकाचा. भट्टनायकाने सांगितलेले आणि अभिनवगुप्ताने स्वीकारलेले साधारणीकरण घडल्याशिवाय रसास्वाद संभवत नाही. अभिनवगुप्ताने जी रसविघ्ने सांगितली, त्यांत ‘हे माझे’ किंवा ‘हे अमक्याचे’ या देशकालविशिष्ट बुद्धीत अडकणे हे एक प्रमुख विघ्न आहे. आईबाप हे चित्र पाहतात तेव्हा नेमके असेच घडते. त्यांच्या ठिकाणी वात्सल्य उचंबळते. पण ते लौकिक वात्सल्य आहे, आणि त्यात काही गैर नाही. घरातील संग्रहाला रसाची अपेक्षा नसते. खाणीच्या पाळीवरून येऊन मागच्या ओळीत उभ्या राहिलेल्या बापाने आपल्या मुलाचे मंचावरचे रूप जपून ठेवावे, या इच्छेला सौंदर्यशास्त्राने आक्षेप घेण्याचे कारण नाही. हे चित्र घरच्या वर्तुळाबाहेर गेले म्हणजे मात्र स्थिती पालटते. तेथे वात्सल्याचा संबंध नाही, आणि विभाव चित्रात नसल्यामुळे भयानकाचीही सामग्री नाही. उरतो तो हास. आणि तो मुलाच्या खऱ्या भयावर पोसलेला असतो.

या विषयाचे एक टोक अमेरिकन छायाचित्रकार जिल ग्रीनबर्ग यांच्या २००६ सालच्या ‘एन्ड टाइम्स’ या चित्रमालिकेत दिसते. लहान मुलांना गोळी देऊन ती काढून घ्यावयाची आणि त्यांच्या रडण्याची चित्रे घ्यावयाची, अशी ती पद्धत होती. तिच्यावर मोठा वाद झाला. राजूरच्या पालकाशी तिची बरोबरी करणे अन्यायाचे होईल, कारण तेथे भय हेतुपूर्वक उत्पन्न केलेले नसते. परंतु दोन्ही ठिकाणी विभाव पुसून अनुभाव विकावयास वा दाखवावयास काढला जातो, एवढे साम्य आहे. दुसरे टोक रोलाँ बार्थच्या १९८० सालच्या छायाचित्रविषयक ग्रंथात आहे. आपल्या आईचे ती पाच वर्षांची असतानाचे छायाचित्र हा त्या ग्रंथाचा गाभा आहे. एका हाताचे बोट दुसऱ्या हातात धरून ती अवघडून उभी आहे, असे बार्थ सांगतो. तो त्या चित्राचे सविस्तर वर्णन करतो, पण ग्रंथात ते छापत नाही. आपल्याला ते जे आहे, ते इतरांना असणार नाही, असे त्याचे कारण आहे. साधारणीकरणाची मर्यादा याहून प्रामाणिकपणे मान्य केलेली क्वचितच आढळेल.

कायद्याची भूमिकाही पाहण्यासारखी आहे. बालहक्कांच्या १९८९ सालच्या आंतरराष्ट्रीय संहितेत (भारताने ती १९९२ साली स्वीकारली) मुलाचे मत विचारात घेण्याचे तत्त्व १२ व्या कलमात आणि खासगीपणाचे तत्त्व १६ व्या कलमात आहे. भारताच्या २०२३ सालच्या वैयक्तिक विदा-संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती आवश्यक मानली, पण व्यक्तिगत व घरगुती वापर कायद्याबाहेर ठेवला. सभाकंपाच्या चित्रात पालक हाच बहुधा छायाचित्रकार असतो. संमती देणारा आणि घेणारा एकच होतो. कायदा जेथे थांबतो तेथे अभिरुचीचे काम सुरू होते, आणि अभिरुची घडविणे हे समीक्षेचे काम आहे.

वरील विवेचनातून तीन निकष हाती येतात. पहिला, चित्रात विभावाला स्थान आहे काय. म्हणजे भय दाखविताना त्याचे कारण असलेली सभा, वेष, प्रकाश व अपेक्षा सूचित झाली आहे काय. दुसरा, टिपलेला क्षण पुढच्या क्षणाला वाव ठेवतो काय, की तो मुलाला त्याच अवस्थेत बंद करतो. तिसरा, चित्र ज्यांच्यापुढे ठेवले आहे त्यांच्या ठिकाणी ते कोणता भाव जागा करू शकेल. यांपैकी पहिल्या दोन कसोट्या चित्राच्या रचनेच्या आहेत, तिसरी त्याच्या व्यवहाराची. तिन्ही कसोट्यांस उतरणारे चित्र दुर्मीळ असले तरी अशक्य नाही. विंगेतून घेतलेले, मुलाची गुंतलेली बोटे आणि त्यापलीकडे स्तब्ध बसलेला सारा गाव दाखविणारे चित्र त्या मुलाने मोठेपणी पाहिले, तर त्यास आपले हसे झाले असे वाटणार नाही. आपल्यापुढे केवढी सभा होती, हे त्याला समजेल. नाट्यशास्त्रातील कथेने प्रेक्षकांपासून नर्तकाचे रक्षण करण्यासाठी गृह बांधावयास सांगितले. छायाचित्राच्या चौकटीकडूनही तेवढ्याच रक्षणाची अपेक्षा ठेवणे अवास्तव होणार नाही.